डावा कान

अहो, तिकडे नका बसू. इकडे, या उजव्या अंगाला या. डावा कान गेलाय माझा, त्या बाजूनं बोललात तर भिंतीशी बोलल्यासारखं. हां, आता बोला. ब्रेक झाला का? झालाय की! हा बघा, रायफलच्या नळीच्या तोंडावर बसवायचा एवढासा तुकडा. खांद्याचं ऑपरेशन झालंय तुमचं, डॉक्टर म्हणाले याच्याशिवाय एकही गोळी झाडायची नाही — तीनदा सांगितलंत फोनवर. सतरा वर्षं सोडतीत नाव टाकलंत तेव्हा कुठं डोंगरी मेंढ्याचा परवाना लागला, आणि शनिवारी हंगाम उघडतोय. सगळं लक्षात आहे माझ्या, टालमॅज साहेब.

मला एक सांगा, हा ब्रेक करतो काय? खांद्याला बसणारा दणका कमी करतो, बरोबर. मग तो दणका जातो कुठं? जिरतो? कसला जिरतोय! ही बाजूची भोकं बघा — इथून सगळा आवाज नि झोत आडवा फेकला जातो, शेजारी पालथं पडलेल्या माणसावर. आणि शेजारी कोण असतं? वाटाड्या, दुर्बिणीला डोळा लावून तुम्हाला अंतर सांगणारा. म्हणून आमच्या वायोमिंगातल्या छावण्यांत रीत आहे — शिकाऱ्यानं आधी म्हणायचं ‘कान!’, वाटाड्यानं बोळे घालायचे, ‘हं’ म्हणायचं, मगच गोळी. बोळे आधीपासूनच का नाही घालत म्हणता? मग एल्क हरणाची शीळ कोण ऐकणार, तुमची सासू?

बावीस वर्षं वाटाड्या होतो मी. शीळ आली की डोळे मिटून बोट दाखवायचो — नर त्या घळीत आहे. एका कानानं आवाज येतो हो, पण कुठून येतो ते कळत नाही, त्याला दोन लागतात. मला कुठं ठाऊक होतं! तीन गिऱ्हाइकांना उलट्याच डोंगरावर चढवलं, मग छावणीच्या मालकानं माझी घोडी दुसऱ्याला दिली. आता लेथवर बसतो. तरी सप्टेंबरात जातोच मी वर — बायकोला, लोर्नाला, सांगतो, लाकडं आणायला चाललोय — आणि शीळ आली की गोल गोल फिरतो जागच्या जागी, खुळ्यासारखा. एकदा रडलोसुद्धा. हे लोर्नालाही माहीत नाही. तुम्हाला कशाला सांगतोय मी? जाऊ दे.

कुणी केलं? होता एक शिकारी. अकरा वर्षं झाली. अशीच लांब पल्ल्याची रायफल, असाच ब्रेक, सहाशे यार्डांवर मोठा नर. मी म्हटलं, थांबा, वारा फिरतोय, थांबा — आणि धाड! बोळे माझ्या मुठीतच. माझ्या कानातून रक्त गळतंय आणि हा नाचतोय! फोटोला मलाच शिंगं धरून उभं केलं, वर म्हणतो, ‘डोकं वळव रे तिकडं, रक्त दिसतंय.’ छावणीत जेवताना सगळ्यांना हसून हसून सांगत होता — ‘म्हातारा बेडकासारखा उडाला!’ एक्केचाळीस वर्षांचा होतो हो मी.

काय झालं? पाणी देऊ? दाढी नव्हती मला तेव्हा, म्हणून ओळखलं नसेल. हो, ऑर्विल. तोच वाटाड्या मी. तुमची पेटी टपालानं आली, वरचं नाव वाचलं, आणि त्या दिवशी मी जेवलोच नाही — आनंदानं.

घाबरू नका, रायफलला काही केलेलं नाही, तिचा काय दोष? उघडा पेटी, बघा नळी. ब्रेक फिरवून बसवायला आटे पाडलेत का कुठं? नाही ना? तीन आठवडे हातसुद्धा लावला नाही तिला. आली तशीच परत. हा ब्रेक हातात धरून बसायचं असेल तर घेऊन जा. आज गुरुवार, शनिवारच्या आत दोनशे मैलांत हे काम करणारं दुसरं कुणी नाही. जा मेंढ्यावर, झाडा गोळी, तुमचाच खांदा आहे. नाहीतर बसा सतरा वर्षं पुन्हा.

काय म्हणताय? थांबा, थांबा, असं नको. जरा वळून बसतो मी. हं, आता या डाव्या कानाशी बोला. माफी मागायची तर त्याच्याकडेच मागायला हवी ना? बोला. ओठ हलताना दिसताहेत तुमचे. बोला, बोला, आवरतं नका घेऊ.

झालं? जाताना दार ओढून घ्या.