हेल्मेटवाला, नऊ पस्तीस आत

जबाब

दिनांक १३ मार्च २०२५, गुरुवार, सकाळी ११ वाजता.

नाव : शकुंतलाबाई तिरुमलराव रेळेकर. वय : ६२ वर्षे. व्यवसाय : शिवणकाम. राहणार : कुवेंपुनगर, मैसूरु.

मी समक्ष हजर राहून सांगते की, वरील पत्त्यावर मी माझे पती तिरुमलराव यांच्यासह एकोणतीस वर्षांपासून राहते. माझे माहेर मिरजेचे. मला कन्नड बोलता येते, वाचता येत नाही. ज्या कागदावर सही करायची तो मला वाचता आला पाहिजे, असे मी सब-इन्स्पेक्टर प्रार्थना मॅडमना सांगितले. त्यावरून हेड कॉन्स्टेबल भुजंगराव यांना लिहायला बसवले, कारण त्यांच्या घरी मराठी बोलतात. त्यांची मराठी बोलण्यातली आहे, लिहिण्याची सवय नाही. म्हणून काही जोडाक्षरे मी सांगितली आहेत. कन्नड भाषांतर ते वेगळे जोडणार आहेत.

आमच्या घरात खाली तीन खोल्या आणि वर गच्चीला लागून एक लांब खोली आहे. खाली पुढच्या खोलीत माझे मशीन आहे. मी ब्लाऊज शिवते, फॉल-पिको करते, गेली चौतीस वर्षे. माझे पती कडकोळच्या एका कारखान्यात एकतीस वर्षे होते. सकाळी सहा दहाला कंपनीची बस कोपऱ्यावर येत असे. आता ते निवृत्त आहेत. माझ्या शिवणकामाबद्दल ते कधी वाईट बोलले नाहीत. त्याबद्दल ते काही बोललेच नाहीत.

वरची खोली कशासाठी वापरता, असे विचारल्यावरून सांगते की, ऑगस्ट २०२३ मध्ये दीपश्री नावाची मुलगी, वय अंदाजे २९, तिचा ब्लाऊज न्यायला आली होती. हूक लावायचे राहिले होते म्हणून थांबली. तेवढ्यात तिला फोन आला. ती जिन्याच्या पायरीवर बसली आणि कॉम्प्युटर मांडीवर घेऊन पाऊण तास इंग्रजीत बोलत राहिली. हूक लावून झाले तरी मी तिला हाक मारली नाही. फोन संपल्यावर तिने सांगितले की ती एका विमा कंपनीसाठी हॉस्पिटलची बिले तपासते आणि कंपनीने सर्वांना घरून काम करायला सांगितले आहे. घरचे लोक चांगले आहेत. पण घरात आहे म्हणजे रिकामी आहे, असे धरून चालतात. गॅसवाला आला की तिला हाक, पाहुणे आले की तिचा चहा. ती म्हणाली, "आंटी, मी ऑफिसला जात होते तेव्हा सासूबाई माझा डबा भरायच्या. आता घरी बसून मी सगळ्यांचे डबे भरते." तिने वरच्या खोलीत बसू का, असे विचारले. मी हो म्हटले. लगेच हो का म्हटले, याबद्दल मला जास्त सांगायचे नाही.

पुढे तिच्या ओळखीने एकेक करून आणखी पाच जण आले. सगळे नोकरदार आहेत, सगळ्यांना कंपनीने घरून काम दिले आहे आणि कोणालाच घरी काम करता येत नाही. रीतसर भाडेकरार आहे. वीज आणि इंटरनेट ते आपसात बघतात. कॉम्प्युटरवर उजेड पडतो म्हणून मी अस्तराच्या उरलेल्या काळ्या कापडाचे पडदे शिवून दिले. माझ्या मशीनचा आवाज वर जातो म्हणून ते दार लावून घेतात. पाटी लावावी असे कोणाच्या मनात आले नाही. या तीन गोष्टींमुळे बाहेरून संशय येऊ शकतो, हे मला आता समजते.

विश्वजीत, वय ३२, जुलै २०२४ पासून येऊ लागला. तो आमच्या मागच्या क्रॉसवर, म्हणजे आडव्या गल्लीत, राहणाऱ्या फत्तेसिंगरावांचा मुलगा. फत्तेसिंगराव एका गिरणीत टाइमकीपर होते. त्यांचे आजोबा मैसूरुच्या महाराजांच्या घोडदळात होते, असे ते सांगतात आणि त्यांच्या बसण्यावरून ते खरे वाटते. विश्वजीतच्या कंपनीने मैसूरुचे ऑफिस गेल्या वर्षी बंद केले. ही गोष्ट त्याने घरी सांगितली नव्हती. लॉकडाऊनमध्ये तो घरून काम करत असताना फत्तेसिंगराव टॉवेलवर त्याच्या खोलीत गेले होते आणि सगळ्या मीटिंगला ऐकू जाईल असे विचारले होते की तुला काढून टाकले असेल तर स्पष्ट सांग. ते त्याच्या साहेबांनीही ऐकले. फत्तेसिंगरावांचे म्हणणे असे की दिवसा घरात बसलेला पुरुष एक तर आजारी असतो, नाही तर बेकार. म्हणून विश्वजीत रोज सकाळी आईने भरलेला डबा घेऊन ऑफिसला म्हणून निघायचा, स्कूटर देवळामागच्या गल्लीत लावायचा आणि हेल्मेट न काढता चालत आमच्याकडे यायचा. हेल्मेट वर गेल्यावर काढायचा.

हे मी त्याच्या आईवडिलांना सांगितले नाही. खोटेही बोलले नाही. एकदा त्याची आई माप द्यायला आली असताना म्हणाली की मुलाचे ऑफिस फार लांब आहे, दमून येतो बिचारा. त्या वेळी माझ्या तोंडात टाचण्या होत्या.

दिनांक ११ मार्च, मंगळवार रोजी सकाळी ११ वाजून २० मिनिटांनी प्रार्थना मॅडम दोन कॉन्स्टेबल घेऊन आमच्या घरी आल्या. माझ्या पतींनी दार उघडले. वर खोटे कॉल सेंटर चालते, पडदे लावून म्हाताऱ्या माणसांना फोनवर फसवतात, अशी तक्रार आल्याचे मॅडमनी सांगितले. तक्रार कोणाची हे सांगितले नाही. माझे पती घाबरले. ते मॅडमना म्हणाले की मी एकतीस वर्षे नोकरी केली आहे. याचा तक्रारीशी संबंध नव्हता. पण त्यांना दुसरे काही सुचले नसावे.

मी थोड्या वेळाने वर गेले. मॅडमनी सगळ्यांना कॉम्प्युटरवरून हात काढून उभे राहायला सांगितले होते. पाच जण उभे होते. दीपश्री रडवेली झाली होती. विश्वजीत बसलेला होता. त्याने वळून न बघता कन्नडमध्ये सांगितले, "मॅडम, पाऊण तास द्या. मग कुठेही न्या, मी येतो."

त्याने जे सांगितले ते मला समजले तसे असे. दुसऱ्या राज्यातल्या एका मोठ्या हॉस्पिटलच्या रक्तपेढीचे रजिस्टर त्या वेळी जुन्या कॉम्प्युटरवरून नव्यावर नेणे चालू होते. जुने बंद झाले होते, नवे अजून उघडले नव्हते. मधल्या वेळात कोणती पिशवी कोणत्या गटाची आणि ती कोणासाठी राखून ठेवली आहे, याची यादी फक्त त्याच्यासमोर होती. तिकडे ऑपरेशने चालू होती. फोनवर एक नर्स होती. मॅडमनी फोन कानाला लावून तिला तिचे नाव आणि हॉस्पिटलचे नाव विचारले. मग एका कॉन्स्टेबलला बाहेर जाऊन त्या हॉस्पिटलच्या मुख्य नंबरवर खात्री करायला सांगितले. तो पाच मिनिटांनी परत आला आणि त्याने मान डोलावली. मॅडम म्हणाल्या, "सरि, ठीक आहे, करा." आणि स्टूल ओढून त्याच्या मागे बसल्या.

याच सुमारास फत्तेसिंगराव जिना चढून वर आले. तक्रार त्यांनीच केली होती, हे मला तेव्हा कळले. ते समोरच्या देवळाच्या कट्ट्यावर वाट बघत होते. म्होरक्या दाखवून द्यायचा म्हणून आले. दारात येऊन त्यांनी खिळ्याला अडकवलेल्या हेल्मेटकडे बोट केले आणि त्यांचे बोट तसेच राहिले. विश्वजीतची पाठ दाराकडे होती. मुलगा पाठमोरा असला तरी बापाला ओळखू येतो.

 त्यांनी चपला दाराबाहेर काढल्या आणि आत येऊन भिंतीला लागून उभे राहिले. मी खुर्ची दिली, ती घेतली नाही.

मधे एकदा ती नर्स घाबरली. दोन नंबर जुळत नव्हते. तिचा आवाज आम्हा सगळ्यांना ऐकू येत होता. विश्वजीत तिला इंग्रजीत सावकाश काहीतरी म्हणाला. दीपश्रीने मला हळूच सांगितले की तो म्हणतोय, सिस्टर, घाई नाही, आपण दोघं आहोत, एकेक पिशवी पुन्हा वाचू. मग तिने नंबर वाचायचा आणि त्याने तोच परत म्हणायचा, असे बराच वेळ चालले. फत्तेसिंगरावांचे ओठ त्या नंबरांबरोबर हलत होते. चूक सापडली तेव्हा एक कॉन्स्टेबल टाळी वाजवायला गेला आणि मॅडमनी बघितल्यावर थांबला.

बारा वाजून पाच मिनिटांनी पलीकडून नवे रजिस्टर उघडल्याचे सांगण्यात आले. विश्वजीतने कपाळ टेबलावर टेकले. मग तो मॅडमच्या स्वाधीन व्हायला म्हणून उठून वळला आणि त्याला वडील दिसले.

फत्तेसिंगरावांनी विचारले, "अल्ल रे, हे तू रोज करतोस काय?"

"रोज नाही, अप्पा. रोज नुसतं कंटाळवाणं असतं."

फत्तेसिंगराव म्हणाले, "आमचंही तसंच होतं."

यानंतर मॅडमनी तक्रारीला आधार काय, असे फत्तेसिंगरावांना विचारले. त्यांनी खिशातून एक वही काढली आणि परत ठेवायला लागले. मॅडमनी ती मागून घेतली. वहीत ६ जानेवारीपासून आमच्याकडे येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या वेळा लिहिलेल्या होत्या. कोणाचे नाव माहीत नसल्याने हिरवी पिशवी, लांब केसवाला, चष्मेवाली असे लिहिले होते. विश्वजीतच्या नोंदी मॅडमनी मोठ्याने वाचल्या. हेल्मेटवाला, नऊ पस्तीस आत, सहा वीस बाहेर. हेल्मेटवाला, नऊ पस्तीस आत, सात दहा बाहेर. पान उलटले तरी तेच. कडेला शेरा होता : 'अत्यंत वक्तशीर. टोळीचा म्होरक्या हाच असावा.' खोलीत सगळे हसले. विश्वजीतही हसला. फत्तेसिंगराव हसले नाहीत, पण रागावलेही नाहीत.

फेब्रुवारीतली दोन पाने कोरी होती. ती का, असे मॅडमनी विचारले. विश्वजीतने सांगितले की त्या दोन दिवशी अप्पांचे मोतीबिंदूचे ऑपरेशन होते, त्यामुळे दोघांनाही येता आले नाही. स्वतःचा मुलगा दोन महिने कसा ओळखला नाही, याचा खुलासा झाल्याचे मॅडमनी मान्य केले.

सहाही जणांची कंपनीची ओळखपत्रे आणि पत्रे पाहून, तीन ठिकाणी फोन करून, दुपारी तीन वाजता काही गैर नसल्याचे सांगण्यात आले. पाटी लावण्याची सूचना मला मान्य आहे.

काल, बुधवारी, विश्वजीत स्कूटर आमच्या दारातच लावून आला. वडिलांनी घरातली पुढची खोली त्याला रिकामी करून दिली आहे आणि दहा ते सहा कोणी मोठ्याने बोलायचे नाही असे घरात सांगितले आहे. सगळ्यात मोठ्याने तेच बोलतात, असे विश्वजीतचे म्हणणे आहे. तो सोमवारी घरी बसून बघणार आहे, बाकी दिवस आमच्याकडेच येईल. दीपश्रीच्या सासूबाई काल दुपारी येऊन तासभर वरच्या खोलीत बसल्या. कोणाशी बोलल्या नाहीत. आज सकाळी दीपश्रीच्या डब्यात इडल्या होत्या. त्या कोणी भरल्या हे मी विचारलेले नाही.

फत्तेसिंगरावांनी तक्रार मागे घेतल्याचा अर्ज दिला आहे. त्यांच्याविरुद्ध माझे काही म्हणणे नाही. त्यांना संशय आला तो त्यांनी योग्य ठिकाणी सांगितला.

पंचनाम्याबद्दल मात्र माझी हरकत आहे. तो मला आज मराठीत समजावून सांगण्यात आला. त्यात 'सदर घरात एकूण सहा इसम काम करताना मिळून आले, तसेच घरमालक व त्यांची पत्नी घरी होते' असे लिहिले आहे. पोलीस आले त्या वेळी मी मशीनवर होते. शुक्रवारच्या लग्नाचे नऊ ब्लाऊज माझ्याकडे आहेत आणि मी बाही जोडत होते. मॅडम वर गेल्या तेव्हा बाही अर्धी झाली होती. अर्ध्यावर सोडली तर शिवण सरकते, म्हणून ती पुरी करून मग मी वर गेले. मशीनचा आवाज दोन्ही कॉन्स्टेबलनी ऐकला आहे.

भुजंगराव म्हणाले की बाई, हा आकडा एकटीच्या सांगण्यावरून बदलता येणार नाही, त्या वेळी घरात असलेल्या आणखी कोणीतरी सांगायला हवे. माझे पती मला सोबत म्हणून आले होते आणि बाकावर बसले होते. भुजंगरावांनी त्यांना विचारले की मंगळवारी सकाळी तुमच्या घरात किती जण काम करत होते.

 मी त्यांच्याकडे बघितले नाही.

ते म्हणाले, "मी घरी होतो, ते बरोबर लिहिलंय. ही कामावर होती. सात करा."

भुजंगरावांनी सात केले.

हा जबाब भुजंगराव यांनी मला सावकाश वाचून दाखवला. त्यानंतर तो मी स्वतः चष्मा लावून पहिल्यापासून वाचला. मी जे सांगितले तेच यात आहे, कोणी सांगायला भाग पाडलेले नाही आणि ते खरे आहे.

सही
शकुंतलाबाई तिरुमलराव रेळेकर

समक्ष
भुजंगराव, हेड कॉन्स्टेबल