चेहरा बघायचा तर कानाकडे बघायचं

माझा जन्म कोलकात्यातल्या खिदिरपूरचा. वडील रत्नागिरीहून येऊन गोदीच्या कचेरीत लागलेले, त्यामुळे घरात मराठी, गल्लीत हिंदी, शाळेत इंग्रजी आणि मासळीवाल्याशी बंगाली असं माझं बालपण, आणि पुढे निवृत्त होईपर्यंत मी मुलींना इंग्रजीच शिकवलं. तरी रोहन, तन्वी, हे तुमच्यासाठी मी मराठीत सांगते आहे, आणि आमच्या वरच्या मजल्यावरची अनघा, जी बँकेच्या बदलीने कोलकात्याला आली आहे, ती लिहून घेते आहे, कारण माझं अक्षर आता मलाच दिसत नाही. तुम्हाला मराठी वाचता येत नाही हे मला ठाऊक आहे. म्हणजे तुमच्या बाबाला हे मोठ्याने वाचून दाखवावं लागेल, आणि माझं निम्मं काम त्याच्याशीच आहे.

आईने मला शिस्त लावली ती रांगोळीतून. ठिपके ओळीत, ओळी सरळ, एक ठिपका हलला तर सगळं पुसायचं. आमच्या समोरच्या शिखादी त्यांच्या लक्ष्मीपूजेला आलपना काढतात, तांदळाच्या पिठात बोट बुडवून, वेलीसारखी वळणं घेत, आणि मी दिवाळीत डमडमच्या या फ्लॅटच्या दाराशी ठिपके मांडायची, छिद्रांचा कागद कधी वापरला नाही. तर एका दिवाळीला शिखादी रांगोळीपाशी थांबल्या आणि म्हणाल्या, इंदूदी, एतोदिने बांगाली होले, म्हणजे झालात एकदाच्या बंगाली. मधल्या ओळी लाटेसारख्या वाकल्या होत्या म्हणे. तुमचे आबा चहाचा कप घेऊन आले, बघून म्हणाले, पोरींना पट्टीने समास आखायला लावणारी बाई ती हीच का? सगळे हसले, मीही हसले. मला तर ओळी सरळच दिसत होत्या.

मग खिडकीचे गज वाकडे दिसायला लागले. मी म्हटलं, भिंत ओलीने फुगली असेल, कोलकात्यात काय फुगत नाही? वाचताना शब्दाच्या मधलं अक्षर गळायचं, मी छापणाऱ्यांना नावं ठेवायची. चष्मा बदलून झाला. शेजारीपाजारी सगळ्यांचं एकच, मोतीबिंदू असेल, पिकू दे, मग काढा. पिकू दिला. पुढच्या दिवाळीला रांगोळीच्या मधोमध मला राखाडी डाग दिसला, मी तो फडक्याने पुसायला गेले आणि काढलेली रांगोळीच पुसली. तेव्हा आबा हसले नाहीत. दुसऱ्याच दिवशी मला डॉक्टरकडे घेऊन गेले.

काय सांगू तुम्हाला, त्या डॉक्टर मुलीने माझा उजवा डोळा झाकला आणि समोर चौकटीचौकटींचा कागद धरला, तर कागदाच्या मध्ये काहीच नव्हतं. डावा डोळा कधीचा गेला होता आणि मला पत्ता नव्हता, कारण उजवा त्याचंही काम करत होता. मग उजवाही बिघडला, म्हणून ओळी वाकल्या. ती म्हणाली, मोतीबिंदू नाही हा, डोळ्यामागचा पडदा मधोमध झिजतो वयाने, उजव्या डोळ्यात त्या पडद्याखाली रक्तवाहिन्या झिरपताहेत. इंजेक्शनं देऊ, आहे ते टिकवायचा प्रयत्न करू, गेलेलं परत आणता येत नाही. ओळी वाकल्या तेव्हाच आला असतात तर, एवढं बोलून ती इंजेक्शनांच्या तारखा लिहायला लागली.

डोळ्यात सुई म्हणजे भीती वाटतेच, पण बधिर करतात, सोसतं. महिन्यामागून महिने घेतली. कडा राहिल्या, मधलं गेलं. घरात चालता येतं, चहा करता येतो, पण ज्याच्याकडे बघावं तेच पुसलं जातं. दवाखान्यातच मला शिकवलं की जरा बाजूला बघायचं, म्हणजे कडेने दिसतं. म्हणून मी आबांच्या कानाकडे बघायला शिकले. कानाकडे बघितलं की त्यांचा चेहरा यायचा, अंधुक, पण यायचा. ते म्हणायचे, लग्नानंतर पहिल्यांदाच तुझं लक्ष माझ्या कानांकडे गेलं, आता तरी केस काप तिथले.

यंदाच्या पावसाळ्यात त्यांना नर्सिंग होममध्ये ठेवलं, हृदय थकलं होतं. मी हात धरून बसले होते, त्यांच्या कानाकडे बघत, म्हणजे त्यांनाच बघत. इतकी वर्षं ज्यांना हे ठाऊक होतं, ते औषधांच्या गुंगीत विसरले.

“इंदू, तिकडे काय बघतेस? माझ्याकडे बघ ना.”

मी बघितलं. सरळ त्यांच्या डोळ्यांत बघितलं, त्यांना हवं होतं तसं, आणि चेहरा गेला. राखाडी डाग, भोवती उशी. मी हलले नाही, तशीच बघत राहिले त्यांचा हात सैल होईपर्यंत. नर्स नंतर म्हणाली, माशीमा, की शुंदोर हाशलेन, किती छान हसले ते. मला दिसलं नाही.

आता मी एकटी असते, शिखादी डबा देतात, अनघा शनिवारी येते. तुम्ही फोनवर दिसता तेव्हा मी बाजूच्या खिडकीच्या पडद्याकडे बघते आणि तन्वी म्हणते, आजी, इकडे बघ. बाळा, नको म्हणत जाऊस. पडद्याकडे बघते तेव्हाच मला तू दिसतेस.

आणि श्रीरंग, तुझी पन्नाशी उलटली, तू माझा मुलगा आहेस, आणि हे घराण्यातून उतरू शकतं असं डॉक्टर म्हणाली. सिगारेटने जास्तच. तू ओढतोस हे मला माहीत नाही असं तुला वाटतं. दर वेळी म्हणतोस, आई, सुट्टी मिळाली की दाखवतो. आता वाचणं थांबव. चष्मा असू दे, एक डोळा झाक आणि मुलांच्या तोंडाकडे सरळ बघ. मग दुसरा झाकून बघ. दोन्ही वेळा चेहरे पुरे दिसले तर देव पावला, पण डॉक्टरकडे तरीही जा. सुखात राहा सगळे. पोटभर बघून घ्या एकमेकांना, समोरासमोर.