माझ्या घरातून ब्राझीलवर हल्ला

…आणि मला म्हणतो, "बाई, तुमच्या घरातनं हल्ला होतोय!" हल्ला! सकाळी सकाळी, दारात उभा राहून, आणि तोंड असं केलेलं, जशी काही मी आत तोफेत दारू ठासत बसलेय! अहो, मी शेंगा फोडत बसले होते. म्हटलं, "मुजम्मिल, बाळा, कुणावर हल्ला?" तर म्हणतो, "ब्राझीलवर." आता तुम्हीच सांगा, मी उमरग्याची, शाळेत भूगोल शिकवणारी बाई. ब्राझील मी फळ्यावर काढलाय, त्याचं जंगल हिरव्या खडूनं भरलंय, पण हल्ला? आणि मी तर पोळ्यापासून घराबाहेर पडलेली नाही!

हा मुजम्मिल म्हणजे आमच्या गल्लीला नेट पुरवतो तो. माझाच विद्यार्थी. सहामाहीला यानं ब्राझील आफ्रिकेत दाखवला होता, आणि आता तो मला ब्राझीलचं सांगणार! "वरून मेल आलंय बाई." वरून म्हणजे कुठून? "सोलापूरहून." सोलापूरला कुणी सांगितलं? "त्यांच्या वरून." त्यांच्या वर कोण? तर वर बोट दाखवतो नुसता. म्हटलं, अरे, तिथं आमचे हे गेलेत, ते असली तक्रार करायचे नाहीत.

मग लेकीला फोन लावला. शिवांजली पुण्याला असते, कॉम्प्युटरच्या कंपनीत. ती म्हणाली, "आई, शांतपणे ऐक. इंटरनेटवर प्रत्येक घराला एक पत्ता असतो, आकड्यांचा. त्या पत्त्यावरून कुणी वाईट उद्योग केले, की ज्याला त्रास झाला तो एका ठिकाणी नोंद करून ठेवतो, की बाबांनो, या पत्त्यापासून सावध. मग बाकीचे ती नोंद बघून आपापली दारं लावून घेतात." म्हटलं, बरं, मग माझी काय नोंद आहे? जरा वेळ नुसती खटखट ऐकू आली, आणि मग, "अगं बाई! आई, ब्राझील आहे, पोलंड आहे, जपान आहे, केनिया आहे…" बघा म्हणजे! इतकी वर्षं भिंतीवर नकाशा टांगून, छडी लावून मी हे देश मुलांना दाखवले, एका देशानं कधी ओळख दिली नाही, आणि आता चार खंडांतून माझ्याविरुद्ध तक्रारी! काय, तर म्हणे माझ्या पत्त्यावरून लोकांच्या कुलपांना एकामागून एक चाव्या लावून बघतंय कुणीतरी. अगं, मला माझ्या कपाटाची चावी सापडत नाही! आणि मी तर पोळ्यापासून घराबाहेर पडलेली नाही!

मुजम्मिलला म्हटलं, गल्लीत एवढी घरं, ब्राझीलला माझंच घर दिसलं? तर म्हणतो, "बाकीच्यांचे पत्ते बदलत ऱ्हातेत बाई, म्हणून त्यांच्या नावावर काही साचत न्हाय. तुमचा पत्ता साहेबांनी पक्का करून घेतला होता. दारातला कॅमेरा ऑफिसातनं दिसावा म्हणून." हो, ते खरं. आमचे हे मोजणीखात्यात. सगळं पक्कं लागायचं. शिंपी पक्का, किराणा पक्का, एसटीत खिडकीची जागा पक्की. स्वतःचं तेवढं… असो. कॅमेरा मी केव्हाच काढून ठेवलाय. म्हणजे कॅमेरा नाही, मी नाही, मग ब्राझीलला छळतंय कोण?

आणि त्रास कुणाला, तर मला! शाळेची माहिती भरायची, रजेचा अर्ज भरायचा, काहीही उघडायला जा, आधी पाटी येते, 'तुम्ही माणूस आहात का?' म्हटलं, आहे. तर नाही, सिद्ध करा. सिग्नल असलेले फोटो निवडा. निवडले. आता मोटरसायकली निवडा. आता जिने निवडा. रोज सकाळी तेच. तुम्हाला सांगते, चार महिन्यांत इतक्या चिकाटीनं माझी विचारपूस दुसऱ्या कुणी केली नाही.

तर मग आलं कुठून हे? लेक म्हणाली, "आई, तुझा वायफायचा पासवर्ड कुणाकुणाला माहीत आहे?" आणि मी कपाळाला हात लावला. कुणाला माहीत नाही ते विचार! अगं, तेरा दिवस घरात माणूस मावत नव्हतं. पुतण्या कृष्णराज, हुशार, त्यानं पहिल्याच दिवशी पासवर्ड कागदावर लिहून पाण्याच्या माठावर चिकटवला. माठावर! म्हणजे जो कुणी समाचाराला येईल तो पाणी पिणार आणि पासवर्ड घेणार. "लई वाईट झालं हो बाई… देवमाणूस होता… तुमी कायतरी खाऊन घ्या… ह्यो पहिला यस मोठा काढायचा का बारका?"

ते सगळे गेले आपापल्या गावी. राहिल्या तिघी. समोरच्या कडूबाई, पलीकडच्या फरिदाबी आणि कोपऱ्यावरची मल्लम्मा. जेवणं झाली, भांडी झाली, की रोज दुपारी तिघी माझ्या बैठकीत. येतात, भिंतीला टेकतात, फोन काढतात. संध्याकाळपर्यंत माना वर नाहीत! मध्येच कडूबाईंचं, "आता सासू जहर घालती बघा." फरिदाबींचं, "अल्ला, डाल्या उनो!" मल्लम्माचं, "अयव्वा!" मला वाटायचं, जगात अजून कुणीतरी मेलं. बघावं तर मालिका! मला एक शब्द नाही. निघताना फक्त, "येतो बाई." मनात म्हणायची, फुकटचं नेट सापडलंय, बसणारच. आणि घर माझं बदनाम, केनियापर्यंत, आणि मी तर पोळ्यापासून घराबाहेर पडलेली नाही!

मुजम्मिल म्हणाला, हे थांबलं नाही तर वरून तुमची लाइनच तोडतील. लेक म्हणाली, पासवर्ड बदल, सगळ्यांना बाहेर काढ, मग बघू. बदलला. दुपारी तिघी आल्या, टेकल्या, फोन काढले. फरिदाबी म्हणाल्या, "क्या हुआ जी बाई, गोल गोल फिर्रा नुसता." मी म्हटलं, "दुरुस्ती चालू आहे." खोटं बोलले. कडूबाईंनी माझ्याकडं बघितलं, दोघींकडं बघितलं. पदर सारखा केला. "चला गं." गेल्या. दुसऱ्या दिवशी मल्लम्मा दारापर्यंत आली, "आलं काय?" म्हटलं, नाही. गेली. त्याच्या दुसऱ्या दिवशी कुणी नाही.

लेकीचा फोन. आनंदानं ओरडतेय, "आई, एकही नवी तक्रार नाही! पत्ता स्वच्छ!" म्हटलं, बरं झालं. फोन ठेवला. हायवेवरचे ट्रक ऐकू यायला लागले. आमच्या घरात ट्रक ऐकू येतात, हे मला पहिल्यांदा कळलं. जगात कुणाची माझ्याबद्दल काही तक्रार नव्हती. कुणाचं काहीच नव्हतं.

मी चपला घातल्या आणि घराबाहेर पडले. समोरच, फार काही नाही, रस्ता ओलांडून. कडूबाई लसूण सोलत होत्या. म्हटलं, "दुरुस्ती झाली, या की." तर म्हणाल्या, "आमाला वाटलं तुमाला एकलं बसायचंय. नेट बंद केलं, म्हटलं, बाईस्नी मानसं नकोत आता. शिकल्याली मानसं तोंडावर सांगत न्हाईत." आणि तेवढ्यात आतून त्यांच्या लेकानं ओरडून विचारलं, "आई, वायफाय तू बंद केलंस व्हय?" मी म्हटलं, "कडूबाई, तुमच्याकडं नेट आहे?" "हाय की! मुजम्मिलचंच." "मग माझ्याकडं कशाला येत होता फोन घेऊन?" तर लसणावरची नजर न काढता म्हणाल्या, "आता मानसासमोर नुसतंच कसं बसावं बाई? काय बोलावं ते कळत न्हाय. हातात कायतरी लागतंय."

मी म्हटलं, "चला, चहा ठेवते."

आल्या तिघी. लेकीला फोनवर घेतलं आणि तिघींचे मोबाइल तपासले. निघालं एकच अ‍ॅप. मालिकेचा उद्याचा भाग आजच, तोही फुकट! कडूबाईंना येडशीच्या एका लग्नात कुणीतरी दिलं, त्यांनी विरजण वाटावं तसं दोघींना वाटलं. लेक म्हणाली, "आई, ते फुकट नाही. इकडं मालिका दाखवतं आणि तिकडं तुझ्या नेटवरून त्यांच्या चोऱ्या करून घेतं." मल्लम्मा म्हणाली, "तरीच! फोन चुलीसारखा तापत होता." मी म्हटलं, काढून टाकू? कडूबाईंनी मोठा श्वास घेतला. "सासूनं जहर घातलं का न्हाय, ते तेवढं बघून…" मी काढून टाकलं. तिन्ही फोनवरून. शिक्षिका आहे मी, अशा वेळी मन घट्ट करता येतं.

आणि तुम्हाला सांगते, दुसऱ्या दिवशी त्या येणार नाहीत अशी मनाची तयारी करून बसले होते, तर आल्या! वेळेवर. भिंतीला टेकल्या. हात मोकळे. इकडं बघ, तिकडं बघ. शेवटी तिघी माझ्याकडं बघायला लागल्या. फरिदाबी हळूच म्हणाल्या, "बाई, त्या दिवशी साहेब काय खाऊन गेले हो?" चार महिन्यांत कुणी हे विचारलं नव्हतं. मी म्हटलं, "काही नाही. अर्धा कप चहा. उरलेला येऊन घेतो म्हणाले."

झालं! कडूबाईंनी तोंडाला पदर लावला, फरिदाबी सुरू झाल्या, आणि मल्लम्मानं असा गळा काढला, की पलीकडच्या गल्लीतली माणसं धावत आली, "आता कोण गेलं?" म्हणून! मला सांगायची सोय नाही, कारण माझंही काही धड चालू नव्हतं.

बरं, एक दिवस झालं, समजू शकते. पण दुसऱ्या दिवशी परत! तिसऱ्या दिवशी लग्न कसं जमलं इथपासून सुरुवात. मग दवाखान्यात कोण होतं, मग तुम्ही रात्री झोपता का, मग एकटीपुरती भाकरी करता की नाही, मग करून दाखवा! हलू देत नाहीत हो!

काल मुजम्मिल आला, एकदम खूश. "बाई, ब्राझील गप्प, जपान गप्प, वरून मेल आलंय, सगळं साफ. आता काही तक्रार न्हाय ना?" मी त्याला बाजूला घेतलं. म्हटलं, "बाळा, ती मालिकेची भानगड होती ना… एखादीच्या फोनवर तरी परत टाकून मिळेल का?"