बापाचं नाव

अडतीस सालच्या उन्हाळ्यात अमरावतीच्या राजापेठेत मी परतवाड्याची मोटर सुटायची वाट पाहत होतो. मागच्या बाकावर पार्बताबाई नावाच्या बागाईतदारीण आणि मुंबईहून सुटीत आलेला त्यांचा मुलगा भगवंत. दोघं त्याच्यासाठी मुलगी पाहायला निघाले होते.

"तुले काय शिकवतेत, नीट सांग. मुलीचा बाप इचारन."

"अक्षरं काढाले शिकवतेत, माय."

"अक्षरं त तू पयलीतच शिकला!"

"तवा लिवाले शिकलो. आता कोनतं जाड, कोनतं बारीक, दोघांत जागा किती सोडाची, थे शिकून रायलो."

"मंग वकील कवा होशील?"

"वकील? कोन म्हनलं?"

"मीच सांगतलं त्याहिले. मुंबईले शिकते म्हनल्यावर मले दुसरं काय सुचन?"

"काय केलं हे, माय!"

"हातात काय हाय थे?"

"आपल्या संत्र्याच्या पेट्यांवर माराची छाप. हे संत्रं, आन् खाली बाचं नाव, नत्थुजी."

"एवढं गुबगुबीत? तुहा बा त जल्मभर काडीवानी होता."

"मंग कसं काढू?"

"मले काय इचारतं? कालेजात तू जातं."

"सांग ना."

"बारीक काढ. आन् जरासं वाकलेलं."

"...असं?"

"हो. असाच चाले थो."

"माय, डोये पूस. आन् मुलीच्या बापाले वकील नोको सांगू."

"नाही सांगत. पोरगं बापाचं नाव काढून रायलं, असं सांगीन."

"त्याहिले समजन का?"

"मलेच कुठी समजलं! पन खोटं त नाही ना?"