ताप उतरला त्या सकाळी

आम्ही मूळचे पाचोडकडचे, मेंढरांमागं फिरणारे. माझा बाप म्हणायचा, भांडं कधी कोरडं पडू द्यायचं नाय, तळाला थोडं पाणी राहू द्यायचं आन् त्यावरच नवं ओतायचं, माळावर पुढचं पाणी कुठं मिळेल याचा काय नेम? लग्न होऊन शहरात, गारखेड्यात आले, मेंढरं गेली, मालक बांधकामावर रखवालदार झाले, मी धुणीभांडी करते, पण ती सवय गेली नाय. जावी तरी कशी, तुम्ही लिहून घेताय म्हणून सांगते ताई, नळाला पाणी आठवडा उलटल्यावर येतं, मंग दारोदार निळे ड्रम, आमच्याबी दारात दोन.

सरकारी दवाखान्याची आशाताई घरोघर यायची, बॅटरी मारून ड्रमात बघायची. म्हणायची मावशी, ह्या वळवळतात त्या डासाच्या अळ्या, ड्रम रिकामा करून घासा, कडेला अंडी चिकटलेली असतात, नुसतं वरून ओतून भागत नाय. आमची शेजारीण शकुंतला लई फटकळ, ती म्हणली, व्हय बाई, देते ओतून, मंग पोरांना तुझ्या बॅटरीच्या उजेडानं आंघोळ घालू का? सगळी गल्ली हसली. आशाताईबी हसली, तिच्याबी घरचा नळ तसलाच.

पावसाळा सरता सरता आमच्या सुनेला, रेखाला, ताप भरला. डोळ्यांच्या मागं ठणकतंय म्हणायची, हाडं मोडल्यावानी दुखतंय म्हणायची. रक्त तपासलं, डेंग्यू निघाला. डॉक्टरीणबाईंनी बजावलं, पाणी पाजत राहा, मी दिली ती सोडून दुखण्याची दुसरी गोळी देऊ नका, आन् ताप उतरला की जास्त जपा, पोट दुखलं, उलट्या झाल्या, हिरड्यांतून रक्त आलं तर लगेच घेऊन या.

मंग एका सकाळी ताप उतरला. माझा पोरगा दत्ता खूश, म्हणला आई, सुटलो बघ. रेखाच्या भावाचं लग्न होतं सिल्लोडला. बसस्टँडला जायला त्यानं रिक्षा दारात आणली. रेखा नवी साडी नेसून भिंतीला धरून उभी. मी तिचा हात धरला तर गार, ओला आन् गार. पोट दुखतंय का गं म्हणलं, तर हळूच म्हणली, आत्याबाई, त्यांना सांगू नका, एकुलता एक भाऊ हाय माझा.

मी दत्ताला म्हणलं, रिक्षा दवाखान्याकडं घे. आई, आता ताप कुठंय? म्हणलं, ताप नाय म्हणूनच घे. तो चिडला, तू काय डॉक्टर हायस का, सासरवाडीला मी काय तोंड दाखवू? मी पोरीला रिक्षात घातलं, स्वतः बसले. रिक्षावाला अन्वर आमच्याच गल्लीतला, त्याला म्हणलं, बाबा, चल. त्यानं दत्ताला एवढंच म्हणलं, बैठ जा भाई, शादी बाद में देखेंगे.

वाटेतच तिला उलटी झाली, मान माझ्या खांद्यावर पडली. दवाखान्यात नाडी सापडंना. सलाईन लावलं, तिला आत नेलं, दार लागलं. दत्ता खाली फरशीवर बसला. सिल्लोडहून फोन वाजत होता, कुठवर आलात म्हणून. उचलायची हिंमत त्याला बी नव्हती, मला बी नव्हती. लई वेळानं डॉक्टरीणबाई बाहेर आल्या, म्हणल्या, बसमध्ये असती तर...

वाचली ताई. आत झोपलीय, अजून जिना चढला की धाप लागते. भाऊ आन् नवी भावजय येऊन भेटून गेली.

आता आम्ही नळ येणार म्हणलं की ड्रम संपवतो, काथ्यानं घासतो, उन्हात पालथा घालतो, भरला की वर धडुतं घट्ट बांधतो. हा डास दिवसा चावतो, म्हणून रेखा दुपारी बी मच्छरदाणीत. पाणी साठवू नका म्हणायला साहेब लोक येतात, मी तोंडावर म्हणते, नळ रोज सोडा, कोण साठवतंय मंग? पण ते सोडतील तव्हा सोडतील, तोवर पोरीबाळींना का मारायचं?

चहा घ्या. तुमच्या घरी कूलर हाय का? उन्हाळ्यापासून तसाच पडलाय? मंग राहू द्या लिहायचं, आधी घरी जाऊन तो उपसा. सुखी राहा, माय.