भवानीचे बोंबील

हसाल, पण त्या दिवशी माझी पार तंतरली होती. घाटकोपरच्या हॉस्पिटलात दहा वाजता बायकोच्या हृदयाचं ऑपरेशन. गेटासमोर कोळीण बसलेली. उगाच बोंबलांचा भाव विचारला आणि वळलो.

ती ओरडली, "ओ आजोबा, भवानी व्हायचीय माझी! पहिलं गिऱ्हाईक रिकामं गेलं तर दोघांचा दिवस वाईट जातो!"

"पहिल्या विक्रीला देवीचं नाव कशाला गं?"

"पहिला पैसा तिचा, म्हणून."

"असलं थोतांड मी मानत नाही," म्हणालो. दहा पावलांवर घड्याळ बघितलं. मुकाट फिरलो, तिने सांगितला तो भाव दिला.

ऑपरेशन संपेस्तोवर पिशवी छातीशी धरून बसलो. वासाने अख्खा बाक रिकामा झाला.

डॉक्टर नाक दाबून म्हणाले, "आजी ठीक आहेत. आता पिशवी सोडा."

मूठ उघडतच नव्हती.