नागनाथच्या गाडीचं टक्

...आणि वर म्हणतो कसा, ‘यशवंता, जरा हात लाव की!’ जरा! अहो, जरा म्हणजे किती? सोलापूरच्या शुक्रवार पेठेतल्या आमच्या बोळातून अख्खा ट्रक ढकलत पार मोठ्या रस्त्याला लावायचा, तोही उपाशीपोटी, मिलचा भोंगा व्हायच्या आत, आणि ह्याचं नाव जरा! मी मिलमध्ये साचे, म्हणजे कापडाचे माग, चालवतो, तुम्हाला सांगतो, दिवसभर उभं राहून पाय भरून येतात, पण माझी कंबर काही मिलनं मोडली नाही. ती मोडली नागनाथच्या गाडीनं. का? तर बटण दाबलं की टक्. घुर्र नाही, खुर्र नाही... नुसतं टक्!

माणूस वाईट नाही हो नागनाथ. भिंतीला भिंत लागून घर आमचं. अडीअडचणीला धावणारा माणूस, फक्त त्याच्या स्वतःच्या अडचणीला आम्हाला धावावं लागतं. गाडी घेतली ती मिलिटरीच्या लिलावातली, पेट्रोलची. मग पेट्रोल भडकलं. इतकं भडकलं की गाडी नुसती दारात उभी असली तरी ह्याला वाटायचं, पितेय, पितेय! मग काय, कुठंतरी उलटलेल्या ट्रकचं डिझेल इंजिन उचलून आणलं आणि चनबसप्पाच्या गॅरेजात ह्या गाडीत बसवलं. बसवलं म्हणजे काय, हितं कापलं, तितं वेल्डिंग मारलं, मधे फळ्या घातल्या... आणि चालली की गाडी! बटणावर बोट ठेवलं की चालू. काय तो नागनाथचा तोरा! दसऱ्याला तर ह्यानं स्वतःच्या हातानं गाडी रंगवली, अगदी खालपर्यंत, नटाबोल्टासकट लालभडक. पूजा झाली, नारळ फुटला, झेंडूच्या माळा चढल्या, सगळा बोळ जमला, नागनाथनं डोळे मिटून हात जोडले, बटण दाबलं... टक्!

तेव्हापासून आमच्या नशिबी धक्का आला.

बरं, आमचं सोडा. त्याच्या बायकोचं काय झालं ते ऐका. रंभाबाईचं माहेर मोडनिंबचं. भाऊबीजेला निघाली नवऱ्याच्या गाडीत बसून, नवं इरकली लुगडं, नाकात नथ, अंबाड्यावर गजरा. मोडनिंबात स्टँडसमोर पेढे घ्यायला थांबले आणि ह्या शहाण्यानं सवयीनं गाडी बंद केली. बाजाराचा दिवस, ही गर्दी! बटण दाबलं, टक्. गर्दी नुसती बघत उभी, ढकलायला माणसं कमी पडली. तर हा म्हणाला काय? ‘रंभे, उतर की, जरा हात लाव.’ पुन्हा जरा! उतरली बिचारी. पदर खोचला, नथ सावरली आणि अख्ख्या माहेरासमोर ट्रक ढकलला. गाडी चालू झाली, हा खुशीत मागं वळून बघतो तर बायको तरातरा भावाच्या घराकडं निघालेली. मागनं निरोप आला, ‘आमच्या दारात गाडी बंद करायची आन् बटनावर परत चालू करून दावायची. मगच बसंन. न्हायतर ऱ्हावा तुमच्या त्या टक्-संगं!’

आम्ही म्हटलं, अरे, एसटीनं आण तिला! तेही विचारून झालं होतं. म्हणाली, ‘ट्रकवाल्याची बायकू एस्टीनं आली, असं म्हनंल की गाव!’ आता बोला!

दिवाळी गेली, थंडी पडली, ह्याच्या चुलीवर करपलेल्या भाकरीचा वास आमच्या घरात. दाढी वाढली. एका संध्याकाळी पायरीवर बसला माझ्याशेजारी आणि म्हणाला, ‘यशवंता, घर खायला उठतंय रं.’ मला भरून आलं हो. म्हटलं, चल चनबसप्पाकडं, आज निकाल लावू.

चनबसप्पा म्हणजे अक्कलकोटकडचा गडी, तोंडात पान, हातात पाना. आधी म्हणाला, ‘ब्याटरी वीक हाय री मालक.’ नवी बॅटरी. टक्. ‘मग सेल्फ गेला री.’ सेल्फ म्हणजे इंजिनाला पहिला झटका देते ना, ती मोटर. काढला, खोलला, आतले कार्बन बदलले, टेबलावर बॅटरीला जोडला, तर असा गरगरला की चनबसप्पाच्या चहाचा कप खाली! ‘बगा, कसा पळतोय!’ गाडीत घातला... टक्. अहो, टेबलावर पळतो तो गाडीत काय लाजतो? मी आपलं विचारलं, ‘ती जाड पट्टी असते ना, इंजिनातनं चासीला, म्हणजे गाडीच्या सांगाड्याला, करंट परत न्यायची, अर्थिंगची, ती बघितली का?’ तर माझ्यावरच खेकसला, ‘बगितली की री! ही काय, घट्ट हाय! तुमी साचं चालवा, गाडी आमी बगतो!’ म्हटलं, बघा. शेवटी पानाची पिंक टाकून निकाल दिला, ‘धड येकाचं, इंजिन येकाचं. मनातनं पटत न्हाय री त्येंचं.’ नागनाथचा चेहरा असा पडला, तुम्हाला सांगतो, मला तिथं उभं राहवेना.

मग ह्यानं डोकं लढवलं. म्हणाला, ‘गाडी बंदच करायची न्हाय! चालू गाडी दारात न्हेतो, हारन वाजवतो, तिला बसवतो, हिकडं आणतो.’ म्हटलं, तिनं बंद कर म्हटलं तर? म्हणाला, ‘इतक्या दिसांनी नवरा दिसल्यावर तिला ते कशाला आठवतंय?’ माणूस लग्नाला इतकी वर्षं होऊनसुद्धा बायकोला ओळखत नाही म्हणजे कमाल झाली!

मलाही घेतलं सोबत, कंबरेसकट. पोचलो. गाडी दारात धडधडतेय, कोंबड्या पळाल्या, अख्खी आळी जमली. रंभाबाई उंबऱ्यात आली, शेजारी तिचा भाऊ जोतीराम मिशीला पीळ देत.

‘चल, बस लवकर,’ नागनाथ केबिनमधनं म्हणाला.

‘बंद करा,’ ती म्हणाली.

‘अगं, डिझेलची गाडी हाय. सारखी बंद-चालू केली की जास्त खाती.’

‘बंद करा.’

‘वायच थंड झाली की...’

‘अवो, बंद करा म्हणते न्हवं का!’

केली बंद. नागनाथनं देवाचं नाव घेतलं, घाम पुसला, बटण दाबलं...

टक्.

आळी फिस्सकन हसली. जोतीराम म्हणाला, ‘दाजी, गोठ्यातनं बैल सोडून आणू का?’ पोरंसुद्धा ‘टक्, टक्’ करून नाचायला लागली. नागनाथ मान खाली घालून बसला, आणि खरं सांगतो, त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. मला वाटलं, संपलं. गेली आता बाई आत, लागलं दार.

तर रंभाबाई वळली ती भावावर! ‘दात काडू नको! माझा मालक हाय त्यो! तुला येत असंल तर तू दाव चालू करून!’ आणि पायऱ्या उतरून, पदर खोचून, नागनाथला बाजूला सारून सरळ ड्रायव्हरच्या जागेवर जाऊन बसली. ‘मी दाबते बटन. तुमी खाली जावा आन् बगा कुटं मरतंय ते!’

नागनाथ खाली शिरला, हातात लोखंडी टॉमी, छोट्या पहारीसारखी. वरनं ती दाबतेय, टक्, टक्, खालनं हा चिडून सेल्फला ठोकतोय, ठण्, ठण्. आणि एकदा काय झालं, टॉमी सटकली, रंग खरवडत गेली आणि इंजिन आणि चासीच्या मधे जाऊन अडकली. अडकली तशी तडतड ठिणग्या उडाल्या आणि घुर्रर्र... गाडी चालू! रंभाबाई किंचाळली, नागनाथ ओरडला, जोतीराम कोंबड्यांमागं पळाला!

मग कळलं हो. पट्टीचं काम टॉमीनं केलं होतं! ती अर्थिंगची पट्टी होती जागेवर, घट्टसुद्धा होती. पण ह्या भक्तानं दसऱ्याला, पूजेच्या गाडीचा तसूभर भाग बिनरंगाचा राहू नये म्हणून, पट्टी खोलून तिच्याखालीसुद्धा ऑइलपेंट फासला होता, जाड, दोन हात, आणि वर पट्टी पुन्हा आवळून बसवली होती. इंजिन बसलेलं फळ्यांवर, पट्टी बसलेली रंगावर, मग करंट जाणार कसा? इंजिन परकं नव्हतं, धडाचं त्याच्याशी भांडण नव्हतं, सगळा घोळ ह्याच्या श्रद्धेचा! रंभाबाईनं घरातनं विळा आणून दिला, ह्यानं रंग खरवडला, गाडी बंद केली, बटण दाबलं... चालू! बंद, चालू! बंद, चालू! आणि बाई ट्रंक घेऊन बसली नवऱ्याशेजारी, माझ्या जागेवर. मी मागं, रिकाम्या हौद्यात, थंडीत कुडकुडत सोलापूरपर्यंत. चालायचंच.

आता गोडीगुलाबी असेल असं वाटतं ना तुम्हाला? मलाही वाटलं होतं. परवा त्यांचं वाजलं, कशावरनं तर भाजीत मीठ जास्त. पूर्वी असं झालं की ती म्हणायची, ‘चालले मी मोडनिंबाला,’ हा म्हणायचा, ‘चल सोडतो,’ गाडी म्हणायची टक्, आम्ही ढकलायला जमेपर्यंत दोघांचा राग उतरायचा, चहा व्हायचा. परवा ती ट्रंक घेऊन बसली. नागनाथनं माझ्याकडं असं बघितलं, असं बघितलं... आणि हळूच, अगदी भीत भीत, बटणावर बोट ठेवलं.

पहिल्या झटक्यात चालू!